उत्तर टोकावरची पंगत

३ जुलै

पोहोचले. बूट ओले आहेत, केसांत मीठ आहे, आणि मन इतकं हलकं बऱ्याच दिवसांत झालेलं नव्हतं.

सकाळी बंदरावर झोयला सोडायला आली होती. आम्ही पेंढ्यात गुंडाळलेले सिमेंटचे पेंग्विन लाँचमध्ये चढवत होतो, तर ती सगळ्यांदेखत म्हणाली, एका नवऱ्याशी पटलं नाही म्हणून आमची ताई आता लाँचभर सिमेंटचे नवरे घेऊन निघाली. हे निदान उलटून बोलणार नाहीत. लाँचवाला त्रान्सितो इतका हसला की त्याच्या हातातला पेंग्विन पाण्यातच जायचा. मीही हसले. धाकट्या बहिणीची जीभ अशीच आहे, आणि तिच्या त्या खिदळण्यापुढे कुणाला राग धरता येत नाही.

तीही येणार आहे. राष्ट्रीय सण आटोपला की ३० तारखेला पाणी आणि धान्य घेऊन लाँच येईल, तिच्यातून. विणीचा हंगाम संपेपर्यंत राहील. मासळीच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून ती घरात भिंतीकडे बघत बसते. तिला यायचं नव्हतं. मोठी झाल्यापासून समुद्र तिला आवडत नाही. मीच मागे लागून कबूल करवलं. तिच्या भल्यासाठी की मला सोबत हवी म्हणून, हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

या बेटाला पुळण नाही, सगळे कडेच. धक्का उंचावर आहे आणि त्याच्या टोकाला दोराची शिडी लोंबते. लाट लाँचला वर उचलते त्या क्षणी ती पकडायची. वर राखणदार फिदेन्सिओ केरेवालू उभे होते. साठीच्या पुढचे, विधुर, सगळी उमर या खताच्या बेटांवर काढलेले. सिमेंटचे पक्षी टोपलीतून वर ओढून घेताना ते एकेकाला टोपी काढून नमस्कार करत होते. मी त्यांना काका म्हणते. ते मला इंजिनिअरबाई म्हणतात. मी प्राणिशास्त्र शिकलेय असं सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, बेटावर येणारी माणसं दोनच जातींची, इंजिनिअर आणि फावडेवाले, आणि बाईंच्या हातात फावडं दिसत नाही.

राहायला मजुरांची लांबलचक लाकडी बराक आहे. काही वर्षांनी एकदा पक्ष्यांची विष्ठा खरवडून खत भरायला शेकडो माणसं येतात, तेव्हा ती भरते. आत्ता आम्ही दोघंच. झोयलासाठी मी दक्षिणेकडची खोली ठेवली आहे. तिथून समुद्र कमी दिसतो.

६ जुलै

हात सोलवटले, पण दक्षिण उतार तयार झाला.

पूर्वी पेंग्विन खताच्या जाड थरात बिळं कोरून अंडी घालत. थर खरवडून नेले, उघडा खडक उरला, पेंग्विन गेले. आता उताराला कुंपण घातलं आहे, विटा आणि फळ्यांची बिळं केली आहेत, त्यांत रेती आणि पिसं घातली आहेत. पण घर बांधलं म्हणून पेंग्विन राहायला येत नाही. जिथं आधीच कुणी राहतंय तिथंच तो राहतो. पहिला यायची कुणाचीच तयारी नसते. म्हणून हे सिमेंटचे: काही उभे, काही पोटावर बसलेले, काही जोडीनं माना जुळवलेले. आणि भोंगा, त्यातून दिवसभर पेंग्विनांचं ओरडणं, अगदी गाढवासारखं. समुद्रातून पाहणाऱ्याला वस्ती भरलेली दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे.

थोडक्यात, हे खोटं बोलणं आहे. चांगल्या हेतूनं बोललेलं, पण खोटंच. संध्याकाळी काकांना मी हे म्हटलं, तर ते म्हणाले की त्यांच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यानं शेजाऱ्याच्या बकऱ्या आपल्या अंगणात बांधून दाखवल्या होत्या, आणि संसार चांगलाच झाला. मग बायकोची, कासिल्दाची, नक्कल करून दाखवली, ती बकऱ्यांची गोष्ट निघाली की कशी नाक उडवून 'फिदेन्सिओ, पुरे झालं तुझं' म्हणायची ती. नक्कल इतकी हुबेहूब होती की मी हसायची थांबले.

एक गोष्ट खटकते आहे ती लिहून ठेवते. भोंग्यातला आवाज मी मागच्या वर्षी दक्षिणेकडच्या एका वसाहतीत भरून घेतला. शेवटी शेवटी तिथल्या राखणदारांचं जेवण ऐकू येतं: थाळीवर चमच्याचा आवाज, एका पुरुषाचं हसणं, आणि एक बाई आग्रह करते, 'अजून घे की, एवढ्यानं काय होतंय.' लिमात ऐकतानाच लक्षात आलं होतं. कापायला हवं होतं. पक्ष्यांना त्याचं काय, म्हणून राहू दिलं. दिवसभर तेच फिरून फिरून वाजतं, पेंग्विन, मग जेवण, पुन्हा पेंग्विन. काकांना ते आवडतं. म्हणाले, भरल्या घरासारखं वाटतं.

१० जुलै

आज ओ आली.

दुपारी उताराच्या वर बसले होते. भोंगा एक फेरी संपवून थांबला आणि त्या शांततेत खालच्या खडकावरून एक खरा आवाज आला, खरखरीत, जरासा फुटलेला. दुर्बीण डोळ्यांना लावली. एक नर पाण्यातून वर आला होता. मान ताणून वस्तीकडे बघत होता. भोंगा पुन्हा सुरू झाला तसं त्यानंही पुन्हा ओरडून उत्तर दिलं, आणि मग थांबत थांबत चढून आला, थेट मान वाकवलेल्या एका सिमेंटच्या मादीपाशी. तिच्या पायाशी खडा ठेवला.

पहिल्यांदा ओ मिळणं, सारं त्यातच आहे. पक्षी दिसला तर तो वाट चुकून आलेला असू शकतो. त्यानं उत्तर दिलं की समजायचं, त्याला पटलं आहे की इथं कुणीतरी आहे. पुढचं मग फक्त वाट पाहणं.

वायरलेसवर झोयलाला सांगितलं. म्हणाली, एकाचं तरी जमलं म्हणायचं, ताई, आता तुझं बघ. वऱ्हांड्यात वायरलेस मोठ्यानं लावलेला असतो. तिचं हसणं सगळ्या बराकीत घुमलं.

१४ जुलै

धुकं. कालपासून पुढचं काही दिसत नाही, सगळ्यावर बारीक ओल बसते आहे.

उत्तर टोकाकडे कधी गेले नव्हते. तिथं जुनी बिळं शिल्लक असतील का ते पाहावं म्हणून सकाळी निघाले. वाट मजुरांच्या दफनभूमीवरून जाते, नावं पुसलेले क्रूस आहेत. पुढं जमीन अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना कडे. टोक दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. आणि त्या पांढऱ्यातून जेवणाचा आवाज आला.

थाळ्या, चमचे. कुणीतरी हसलं. बरीच माणसं असावीत, दाटीवाटीनं बसलेली, पंगत असते तशी. मला वाटलं, धुक्यात अडकलेले कोळी असतील, होडी खाली बांधून वर येऊन बसले असतील. जेवणाऱ्या माणसांजवळून मुकाट्यानं जायची आपली रीत नाही. ओळख असो नसो, 'प्रोवेचो' म्हणायचं, अन्न अंगी लागो. तोंडातून निघून गेलं. मी मोठ्यानं म्हटलं, 'प्रोवेचो.'

सगळे आवाज एकदम थांबले. चमचेसुद्धा.

मी जरा थांबले आणि परत फिरले. कोळी लाजरे असतात, परवान्याशिवाय उतरले असतील तर घाबरलेही असतील, अशी स्वतःची समजूत घातली.

दुपारी काकांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. टोकावर होडी लागत नाही, म्हणाले, कधीच लागलेली नाही. मग विचारलं, तुम्ही काही बोललात का. मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ हातानं टेबलावरची शितं गोळा केली. मी विचारलं, मेलेले मजूर का. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मेलेले कुणाला बोलवत नाहीत बाई, दमलेले असतात बिचारे. टोकावर जे आहे ते आधी कधी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. गप्प बसून बघतं एवढंच जुन्या राखणदारांकडून ऐकलं होतं.

'त्याला बोलायला आपण शिकवलं असेल,' ते म्हणाले. मग उठून भोंग्याच्या दिशेनं बघत उभे राहिले.

१५ जुलै

मी शिकलेली बाई आहे. जे तपासता येतं ते आधी तपासायचं.

भोंगा बंद केला. तारा काढल्या, बॅटरीपासून अलग केल्या. धुक्यात आवाज कड्यावर आपटून उलटा फिरतो, तेच मी काल ऐकलं असणार. मग टोकाच्या वाटेनं दफनभूमीपर्यंतच गेले आणि उभी राहिले.

चमचे. हसणं. 'अजून घे की, एवढ्यानं काय होतंय.' आमच्या भरलेल्या आवाजातली तीच बाई, तोच स्वर, शेवटच्या शब्दावर तेच हलकं हेल काढणं. मग थोडी शांतता. मग तीच बाई म्हणाली, 'आभारी आहोत. या ना, बसा.'

प्रोवेचोचं उत्तर. रीतसर.

परत येऊन कानाला लावून सगळं ध्वनिमुद्रण ऐकलं. दोनदा. ते वाक्य त्यात नाही.

१८ जुलै

पेंग्विन अजून आहे. त्या सिमेंटच्या मादीपुढं खड्यांचा छोटा ढीग झाला आहे. समुद्रावर जात नाही. तिच्या मानेवरून चोच फिरवतो, थांबतो, वाट पाहतो, पुन्हा फिरवतो. भोंगा बंद आहे तरी जात नाही. काल त्याला हुसकून पाण्याकडे न्यायचा प्रयत्न केला. माझ्या हाताला चावला आणि परत तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

टोकावरून आता आमचंच जेवण ऐकू येतं. मंगळवारचं. मी म्हणते, काका, मासा खारट झालाय. काका म्हणतात, समुद्रातला आहे बाई, गोड कुठून होणार. मी हसते. मग पहिल्यापासून पुन्हा. शब्दन् शब्द, तुकडा जिथं कापला आहे तिथं छोटासा झटका बसतो, आमच्या ध्वनिमुद्रणात बसतो तसाच. कापून जोडायचंही शिकलं आहे.

आम्ही बोलणं बंद केलं आहे. खुणा करतो, किंवा पाटीवर खडूनं लिहितो.

फक्त वायरलेसवर बोलावंच लागलं. बराकीची दारं-खिडक्या लावून, घोंगडीखाली तोंड घालून झोयलाला सांगितलं की येऊ नको. ती म्हणाली, का गं, सिमेंटचे नवरे वाटून घ्यायचे नाहीत का. मी म्हटलं, चेष्टा नाही, येऊ नको. का, ते सांगता येईना. काय सांगणार? मग ती म्हणाली, महिनाभर मागे लागलीस, मी सगळ्यांना सांगून बसले, आणि आता नको झाले. ठीक आहे, नाही येत. आवाज रडवेला होता. लहानपणी असाच व्हायचा. मला बरं वाटलं. बहिणीला दुखवून बरं वाटलं, हे लिहायलाही जड जातं, पण खरं आहे.

२१ जुलै

दुपारी धुकं थोडा वेळ उचललं. कड्यावरून टोक दिसलं.

तिथं माणसं उभी आहेत.

दुर्बिणीतून पाहिलं. माणसं नाहीत. ओलं खत, समुद्री शेवाळ, पिसं, लाकडाचे वाहून आलेले तुकडे, यांच्या केलेल्या आकृत्या. काही उभ्या, काही घोळक्यानं बसलेल्या, मधे रिकामी जागा ठेवून, ताटं मांडल्यासारखी. एकीचा हात वर आहे, ये म्हणताना करतो तसा. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी त्यांना मागून बघत होते आणि मागं काही नाही. पाठ नाही, मागचं डोकं नाही. नुसती खोलगट पोकळी, फुटलेल्या घागरीच्या आतल्या बाजूसारखी. आमच्या कारागिरानं पेंग्विनांच्या पाठीही रंगवल्या आहेत. हे ज्यानं केलं त्यानं माणसं नेहमी एकाच बाजूनं पाहिली असावीत. पाण्याकडून.

आकृत्यांच्या मागं जमिनीत खाचा खणल्या आहेत. आत पोती अंथरली आहेत. माणूस पाय पोटाशी घेऊन मावेल एवढ्या.

काय बघते आहे हे मला दुसऱ्या कुणापेक्षा चांगलं कळत होतं. मी या विषयावर व्याख्यानं दिली आहेत.

२३ जुलै

झोयला येते आहे.

वायरलेसवर आनंदात होती. म्हणाली, राग गेला ना, मला माहीतच होतं. सुरमईच्या होडीवाल्यांनी बंदरात निरोप दिला म्हणे: बेटाच्या उत्तर टोकाजवळून धुक्यातून जाताना तुझ्या बहिणीनं हाका मारल्या, झोयलाला नक्की पाठवा म्हणाली, जेवायला वाट बघतोय म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. हात करत होतीस म्हणे.

मी ओरडले की ती मी नव्हे. पहिल्याच शब्दाला यंत्राचा दिवा मंद झाला. धुक्यात सोलरला ऊन नाही, आणि साठलेली वीज मी आधीच भोंग्यात घालवली. तिनं किती ऐकलं माहीत नाही. शेवटी तिचं हसणं ऐकू आलं आणि मग नुसती खरखर.

पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहते. दिवा लागत नाही.

संध्याकाळी टोकावरून झोयला हसली.

२४ जुलै

काका गेले.

कासिल्दा बोलावत होती सकाळपासून. 'फिदेन्सिओ, पुरे झालं तुझं. फिदेन्सिओ, पुरे झालं तुझं.' काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ती तुमचीच नक्कल आहे. त्या दिवशीची.

त्यांनी वाचलं आणि इतक्या दिवसांनी तोंडानं बोलले.

'माझ्याच तोंडचं आहे, कळतं मला. पण बाई, एवढंच तरी ऐकू येतंय.'

मी बाही धरली. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, हळू, लहान मुलाची सोडवावी तशी. टोपी घातली. परत काढली आणि खुंटीला लावून गेले, कुणाकडे जेवायला जातात तसे, भांग सारखा करत.

२६ जुलै

पेंग्विन मेला. सिमेंटच्या मादीला टेकून, उभाच. उचलला तर पिसांत काही नव्हतं, नुसती हाडं.

मग टोकावर गेले. जायचं नाही असं ठरवून गेले. पाणी नेलं.

काका त्यांच्यात बसले आहेत. तोंड समुद्राकडे, हात वर. हाक मारली, मान वळली नाही. पुढून चेहरा त्यांचाच, डोळे उघडे, शांत. ओठ हलत होते. 'समुद्रातला आहे बाई, गोड कुठून होणार.' आवाज मात्र त्यांच्या तोंडातून येत नव्हता, बाजूनं येत होता.

उठवायला म्हणून पाठीवर हात ठेवला. हात जिथं अडायला हवा होता तिथं

नाही अडला.

शेजारची खाच रिकामी होती. तिच्यात माझी शाल अंथरलेली. वाळत घातली होती, मला वाटलं वाऱ्यानं गेली.

पळाले. मागून कुणी आलं नाही. यायची त्यांना गरज नाही. आम्हीही कधी पक्ष्याच्या मागं धावत नाही.

२८ जुलै

आज सण. बराकीवर झेंडा लावला. संकटाची खूण म्हणून उलटा लावला, मधलं चिन्ह डोक्यावर, कुणी पाहिला तर समजेल. धुक्यात मलाच दिसत नाही.

विचार करते आहे. काका त्यांच्यात बसल्यापासून आवाज वाढला आहे. शंभर सिमेंटचे ठेवा, त्यांत एक खरा बसला की मग थवा उतरतो. मी दुसरी खरी होणार नाही. पण त्यांना माझी गरज उरली आहे का? माझा आवाज आहे त्यांच्याकडे. झोयलाला तेवढा पुरे.

तिला उतरू द्यायचं नाही. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

सकाळी माझ्या खोलीच्या खिडकीबाहेर ओलं खत सांडलेलं. पायापासून वर पोटरीएवढं रचलेलं. अर्धवट.

२९ जुलै

सुरीनं शिडी कापली. दोर जाड, ओला. दुपार गेली. समुद्रात पडताना आवाज झाला, बस्स.

आता धक्क्यावरून कुणी चढू शकणार नाही. उद्या मी दिसायचं नाही, बोलायचं नाही. शिडी नाही, माणूस नाही, त्रान्सितो लाँच वळवेल. शहाणा आहे तो.

खिडकीबाहेरचं कमरेपर्यंत आलं आहे. पाडलं. हाताला ऊब लागली.

झोयला घाबरून जाईल माझ्यासाठी. जाऊ दे. घाबरून घरी बसू दे.

३० जुलै

इंजिन. धुक्यात, दूर. लवकर आले.

धक्क्याखाली थांबलं. त्रान्सितो शिवी देतो आहे, शिडी कुठं गेली. झोयला हाका मारते आहे, ताई, ए ताई. मी खोलीत, जमिनीवर. तोंडावर उशी दाबून धरली आहे. ओ द्यायची नाही —

वळतील. आता वळतील.

टोकावरून मी बोलले.

'झोयला, तिकडून नाही, इकडून ये गं, इकडे उतरायला सोपं आहे.' माझा आवाज. मी असं कधी म्हटलं? तुकडे जोडलेत — इकडून कधी, सोपं आहे कधी, काकांशी, उतारावर — झटका ऐकू येतो मला. तिला नाही येणार.

इंजिन टोकाकडे निघालं.

ओरडले तर? नको येऊ म्हटलं तर? दोन ताया होतील. एक ये म्हणते, एक नको. ती काय करेल? ती म्हणेल ताईला काहीतरी झालंय, आणि वरच येईल. ती तशीच आहे. मीच तशी वाढवली.

लिहिलं नाही तर विचार सुचत नाही — काहीतरी असं हवं जे फक्त माझं आहे. जे त्यांच्याकडे नाही. या बेटावर न बोललेलं.

आहे. आईनं ठेवलेलं नाव. पुळणीत स्वतःला पुरून घ्यायची झोयला, लाट आली की नुसते डोळे वर, वाळूतल्या खेकड्यासारखी. मुइमुय. आई गेल्यावर घरात कुणी उच्चारलं नाही. इथं कधीच नाही, काकांपुढं नाही, वायरलेसवर नाही. दारात जायचं, त्या नावानं हाक मारायची. ते ऐकलं की तिला कळेल खरी कोण. मुइमुय, परत जा. एवढंच. मुइमुय, परत —

मी लिहिताना पुटपुटते. ती चिडवते मला त्यावरून. आत्ताही ओठ —

खिडकीबाहेर ते पुरं झालंय. तोंड आत आहे. माझ्याकडे.

इंजिन बंद झालं. टोकाखाली.

वरून माझा आवाज. मुइमुय, म्हणतोय. मायेनं, आईसारखं. मुइमुय, ये —

आणि खाली पाण्यावरून, हसत, झोयलानं ओ दि